कूलरच्या गावात पैसे देऊन करंट

आमच्या नागपुरात लेकरू चालायला लागलं की पहिली गोष्ट शिकवतात, कूलरला ओल्या हातानं शिवायचं नाही. मी 45 वर्षं हे इमानदारीनं पाळलं, पायात स्लीपर असल्याशिवाय कूलरच्या जवळूनही गेलो नाही.

तर यंदा एप्रिलात स्टुलावर चढून कूलरला नवीन खस बसवत होतो आणि मागून आई ओरडली, "अरे करंट आहे नं त्याले!" मी जी उडी मारली ती सरळ गुडघ्यावर. लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. प्लग लावलेलाच नव्हता हे नंतर कळलं.

मग फिजिओथेरपी. ती पोरगी म्हणे, काका (काका!), मांडी आवळा. मी आवळली, म्हणजे दात आवळले, मुठी आवळल्या, पार कपाळाला घाम आला, पण मांडी भिजवलेल्या कणकेसारखी पडूनच. ती म्हणाली स्नायू चांगला आहे, नर्व्हही चांगली आहे, पण सुजलेल्या गुडघ्याकडून असे सिग्नल जातात की मांडीच्या पुढच्या स्नायूला वरून ऑर्डरच पूर्ण येत नाही. म्हणजे मोटर ठीक, वायर ठीक, मेन स्विच पडलेला.

"मग?"

"मग आपण करंट लावू."

पॅड चिकटवले. मी मशीनकडे पाह्यलं तर 50 हर्ट्झ! अगं बाई, हा तर घरच्या लाईनीचा आकडा! तिला रोज कोणीतरी माझ्यासारखा भेटत असावा, शांतपणे म्हणाली की घरची लाईन सलग, 230 व्होल्टची, अन हे बॅटरीवर, सेकंदाला 50 टिचक्या, एकेक फक्त 300 मायक्रोसेकंदाची, अन मिलिअँपिअर शून्यापासून हळूहळू वाढवणार. मी मनात हिशेब केला, सेकंदातले 15 मिलिसेकंदच करंट. बरं, इतकं सहन करू.

आधी मुंग्या. मग फडफड. मग एकदम मांडीचा दगड झाला आणि वाटी आपोआप वर सरकली. पाय माझा, हुकूम दुसऱ्याचा! करंट तसा स्नायूला हात लावतच नाही म्हणे, नर्व्ह कमी करंटमध्ये जागी होते, तिला उठवलं की ती स्नायूला कामाला लावते. सरकारी ऑफिसात साहेबाकडे जाण्यापेक्षा बाबूला गाठा, तसंच.

आणि 10 सेकंद काम, 50 सेकंद आराम. अशी नोकरी मला कोणी दिली नाही. पण कारण आहे, आपण स्वतः हलतो तेव्हा शरीर तंतूंना आळीपाळीनं शिफ्ट लावतं, करंट मात्र त्याच त्या तंतूंना दर वेळी एकदम ड्युटीवर बोलावतो, म्हणून ते लवकर दमतात. वरून ती म्हणते, नुसतं पडून राहू नका काका, तुम्हीपण सोबत आवळा!

बाजूच्या टेबलावर एक काकू, खांद्याला पॅड. त्यांचं मशीन दुखणं दाबण्यासाठीचं, नुसत्या मुंग्या. पण काकूंचं सारखं सुरू, "वाढव नं पोरी, काहीच नाही लागून राहिलं!" जणू पोह्यावर तर्री मागून राहिल्या. मी इकडे प्रत्येक नॉबला रामराम करतोय.

तिसऱ्या आठवड्यात मशीन बंद असताना मांडी आवळली अन आवळली! टाच टेबलावरून चार बोटं वर. घरी येऊन आईला मोठ्या थाटात करून दाखवलं. तिनं पाह्यलं, म्हणाली, "वा! मंग आता कूलरमधे पाणी टाक."

मी आधी जाऊन प्लग पाह्यला. काढलेला होता. स्लीपर घातली, तरी दोन मिनिटं तसाच उभा होतो.