चार्ल्स तिला थांबवू शकत होता, तरीही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ‘एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट’वरच्या माझ्या लेखावर तुमचे मुख्य आक्षेप तीन. इतके तारे एकत्र आणल्यावर कुणाच्याच वाट्याला धड काही येत नाही. काळप्रवासाचे नियम सोयीप्रमाणे वाकवलेत. आणि प्रोफेसर चार्ल्सला दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेता येतो, तर हवं ते रूप घेणाऱ्या मिस्टिकच्या मनाचा ताबा घेऊन त्याने पहिल्या दहा मिनिटांत विषय का मिटवला नाही? जुन्या चित्रपटांच्या प्रेमात मी वाहवत गेलो, असंही तुम्ही म्हणता. प्रेम आहेच, पण चित्रपट मला आवडला तो तुमच्या तिसऱ्या प्रश्नामुळे. तिथे येतोच.

आधी नियमांचं. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: 2023 मध्ये सेंटिनल नावाचे यंत्रमानव म्युटंटांना, म्हणजे जन्मजात वेगळ्या शक्ती असलेल्यांना, संपवत आलेत, म्हणून त्यांचा उगम थांबवायला किटी वुल्व्हरिन या हातातून नख्या काढणाऱ्या म्युटंटचं मन 1973 मध्ये पाठवते. किटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते पूर्ण मान्य. भिंतीतून आरपार जाणारी मुलगी दुसऱ्याचं मन भूतकाळात कशी पाठवायला लागली, याचं स्पष्टीकरण चित्रपट देत नाही. माझं दुखणं तर त्याहून मोठं आहे. 1981 साली ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या 141 आणि 142 क्रमांकाच्या अंकांत ही गोष्ट आली तेव्हा भूतकाळात जाणारी किटीच होती. मोठ्या किटीचं मन तेरा वर्षांच्या किटीच्या शरीरात येतं. चित्रपटात हा प्रवास वुल्व्हरिनला मिळाला आणि किटी त्याच्या उशाशी, त्याच्या डोक्याशी हात धरून बसून राहिली. 1973 मध्ये तिचा जन्मच झाला नव्हता हे खरं, पण 1973 हे सालही लेखकांनीच निवडलेलं. एका मुलीची गोष्ट तिच्याकडून काढून घेतली, हे मला पहिल्यांदा पाहतानाही खटकलं होतं आणि आजही खटकतं.

पण मूळ नियम डळमळीत आहे हे पटत नाही. वुल्व्हरिनचं फक्त मन मागे जातं, शरीर 2023 मध्येच पडून राहतं. तो जागा होईपर्यंत जुना इतिहास चालू राहतो आणि जागा झाला की नवा इतिहास पक्का होतो. म्हणून दोन्ही काळांत एकाच वेळी जीव टांगणीला लागतो. 1973 मध्ये, पुढे आपला छळ करणाऱ्या स्ट्रायकरला पाहून वुल्व्हरिन बिथरतो आणि त्याच क्षणी 2023 मध्ये त्याच्या नख्या किटीला लागतात. तिचं रक्त वाहत असतं, पण ती हात काढत नाही. नियम नीट बांधलेला असल्याशिवाय असा प्रसंग उभाच राहत नाही.

ताऱ्यांबद्दल तुमचं निम्मं बरोबर. हॅली बेरीला फारसं काही नाही. अ‍ॅना पॅक्विनचा तर जवळजवळ सगळा भाग कापला गेला आणि 2015 मध्ये वेगळ्या आवृत्तीत पाहायला मिळाला. पण पॅट्रिक स्टुअर्ट आणि जेम्स मॅकअ‍ॅव्हॉय हे म्हातारा आणि तरुण चार्ल्स समोरासमोर येतात तो प्रसंग आठवा. तरुण चार्ल्स पायांवर उभं राहण्यासाठी औषध टोचून घेतो, आणि त्या औषधाने त्याची शक्ती झोपते. इतरांचं दुःख ऐकू येऊ नये म्हणून त्याला तेही चालतं. मग वुल्व्हरिनच्या मनातून तो पन्नास वर्षांनी मोठ्या स्वतःला भेटतो. स्टुअर्टला आपण 2000 सालापासून त्या चाकांच्या खुर्चीत पाहत आलोय, म्हणून तो शांत चेहरा काय काय सोसून आलाय हे शब्दांवाचून कळतं. नवखा नट कितीही चांगला असता तरी तिथे हा परिणाम साधला नसता.

आता तिसरा प्रश्न. पॅरिसमध्ये मिस्टिक सेंटिनलची कल्पना मांडणाऱ्या ट्रास्कला मारते आणि त्यातून सेंटिनल जन्मतात, हे टाळायचं आहे. सगळे काय करतात? चार्ल्सचा जुना मित्र एरिक, म्हणजे मॅग्नेटो, तिलाच गोळी घालायला निघतो. तिचं रक्त पॅरिसच्या रस्त्यावर सांडतं आणि माणसांच्या हाती लागतं, आणि सेंटिनल तर त्या रक्तातूनच घडणार असतात, म्हणजे संकट उलट वाढतं. पुढे चार्ल्स विमानतळावरच्या अनोळखी माणसांच्या तोंडून तिच्याशी बोलतो, विनवतो. ती पाठ फिरवते. का फिरवू नये? लहानपणापासून त्याने तिला सांभाळलं, पण स्वतःचं निळं रूप लपवायलाही शिकवलं. तिने कसं असावं हे तोच ठरवत आला.

शेवटी व्हाइट हाऊससमोर ती ट्रास्कवर पिस्तूल रोखून उभी असते. तिकडे भविष्यात सेंटिनल आत घुसलेले, एकेक जण पडतोय. तुम्ही म्हणता तसं चार्ल्स त्या क्षणी तिच्या मनाचा ताबा घेऊ शकतो. त्याला ते येतं, आणि नंतर कुणी त्याला दोषही दिला नसता. तो तिला मोकळं सोडतो. काय करायचं ते तिचं तिने ठरवावं म्हणतो. ती पिस्तूल खाली घेते आणि पन्नास वर्षांपुढे सेंटिनल विरून जातात.

मन ताब्यात घेऊन तिला थांबवलं असतं, तर तो हात सुटताच तिने ट्रास्कला दुसऱ्या दिवशी मारलं असतं. जबरदस्तीने हा इतिहास बदलत नाही, हे एरिकच्या गोळीने आधीच दाखवलंय. म्हणूनच हा चित्रपट दहा मिनिटांत संपू शकत नव्हता. चार्ल्सला तिच्यावरचा हक्क सोडायला शिकायचं होतं आणि त्याला तेवढा वेळ लागणारच होता.

भाचीला हा चित्रपट कसा दाखवावा, असं तुम्ही शेवटी विचारलंत. आधी 2000 चा पहिला भाग आणि 2011 चा ‘फर्स्ट क्लास’ दाखवा, मग हा. 2006 चा मागाहून पाहिला तरी चालेल. पेंटॅगॉनच्या स्वयंपाकघराचा प्रसंग आला की तिच्याकडे लक्ष ठेवा. गोळ्या हवेत थबकलेल्या, पाण्याचे थेंब लटकलेले आणि विजेच्या वेगाने धावणारा क्विकसिल्व्हर कानाला हेडफोन लावून भिंतीवरून धावता धावता उडालेल्या सुपाची बोटाने चव घेतो. तिला काय वाटलं ते नक्की कळवा.