१ मोल पाण्यात नेमके किती अणू? फिरणाऱ्या पोस्टबद्दल खुलासा

सध्या एक पोस्ट फिरतेय की "कुठल्याही पदार्थाचा १ मोल घ्या, त्यात ६.०२२ × १०^२३ अणू असतातच". हे अर्धवट आहे आणि परीक्षेच्या तोंडावर पोरं हेच पाठ करतायत म्हणून लिहितोय. अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा (हाच ६.०२२ × १०^२३) १ मोलमधल्या कणांचा आहे, मोल म्हणजे डझनासारखं कण मोजायचं एकक. आता कण म्हणजे अणू की रेणू (जोडलेल्या अणूंचा गट) की आयन (विद्युतभार असलेला कण) हे पदार्थावर ठरतं. हेलियम ४ ग्रॅम घेतला तर १ मोल, तिथे अणू सुटेच असतात त्यामुळे पोस्ट बरोबर वाटते. पण पाणी घ्या, १८ ग्रॅम म्हणजे १ मोल रेणू, आणि प्रत्येक रेणूत २ हायड्रोजन नि १ ऑक्सिजन असे ३ अणू, म्हणजे एकूण अणू झाले १.८०७ × १०^२४, तिप्पट!

सगळ्यात जास्त घोळ ऑक्सिजनला होतो. १६ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे अणूंचा १ मोल पण रेणूंचा फक्त अर्धा, कारण त्याचा रेणू २ अणूंचा, ३२ ग्रॅमचा मोल. म्हणून "१ मोल ऑक्सिजन" असं नुसतं लिहिणं मला तरी चुकीचंच वाटतं, कशाचा मोल ते लिहा ना.

गणित करताना ग्रॅमला आधी मोलर वस्तुमानाने (म्हणजे १ मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने) भागा, मग अ‍ॅव्होगॅड्रोच्या आकड्याने गुणा, आणि अणू विचारले असतील तर एका रेणूत जितके अणू तितक्याने परत गुणा. ही शेवटची पायरीच त्या पोस्टमध्ये गायब आहे.

मिठात तर रेणू नसतातच, ५८.५ ग्रॅममध्ये सोडियमचे १ मोल आयन आणि क्लोराइडचेही १ मोल.