दवाखान्यात कसला आलाय सेफ्टी ऑफिसर? एका फॉरवर्डला उत्तर

गणपतीपासून इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो रामबागेतल्या आत्याकडून आला, सुदामानगरच्या शेजाऱ्यांकडून आला, शाळेच्या ग्रुपवर तर दोनदा आला. मथळा झकास आहे : ‘सरकारी दवाखान्यातला सेफ्टी ऑफिसर, खुर्ची गरम करायचा पगार’. मजकूर थोडक्यात असा. सेफ्टी ऑफिसर कारखान्यात लागतो, दवाखान्यात काय बॉयलर फुटणार आहे? डॉक्टर आणि सिस्टर शिकलेली माणसं, त्यांना सुई कशी धरायची हे सांगायला वेगळा माणूस कशाला? या साहेबाचं काम म्हणजे रंगीत डबे मोजणं, रजिस्टर भरणं आणि वर्षातून एकदा मॉक ड्रिलचा फोटो काढणं. त्यातून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं, इथे कचरा वेगळा करायला कोणाला शिकवायचं? तेव्हा हे पद काढा आणि त्या पैशात दोन सफाईवाले जास्त ठेवा.

मी हेच काम करतो. आधी इंदूरजवळच्या पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होतो, आता एका सरकारी इस्पितळात आहे. नेमणुकीच्या कागदावर पदाचं नाव निराळंच आहे. पुष्कळ सरकारी रुग्णालयांत तर असं वेगळं पदच नसतं. मेट्रनच्या नाहीतर हॉस्पिटल मॅनेजरच्या गळ्यात हे काम अतिरिक्त प्रभार म्हणून पडतं. जे पद बहुतेक ठिकाणी नाहीच, ते काढून किती पैसे वाचतील हा हिशेब मेसेज लिहिणाऱ्याने करावा.

आता मुद्दे घेऊ. बॉयलरचा आधी.

हा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातलं कलम ४०-ब सांगायचं की हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. दवाखाना त्या अर्थाने कारखाना नाही. पण म्हणून आमच्या सीएसएसडीतल्या, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायच्या विभागातल्या, ऑटोक्लेव्हची वाफ काही थंड होत नाही. ते दाबाचं भांडं आहे, आत १२१ अंशांची वाफ असते आणि दरवाजाचं रबर झिजलेलं असलं तर ती समोरच्या माणसाच्या हातावर येते. पॅथॉलॉजीत फॉर्मॅलिन हे विषारी रसायन आहे, एक्स-रेवाल्यांच्या खिशाला किरणं मोजणारा टीएलडी बिल्ला आहे, मागच्या आवारात लिक्विड ऑक्सिजनची टाकी आहे. बाथरूम चकाचक व्हावं म्हणून एखादी मावशी ब्लीचिंगमध्ये तेजाब ओतते आणि दार लावून घासत बसते. त्यातून निघतो तो क्लोरीन वायू. पिथमपुरात हे झालं असतं तर सायरन वाजला असता. इथे मावशीला नुसता खोकला लागतो आणि ती दुसऱ्या दिवशी रजा टाकते.

पिथमपूरचं नाव निघालंच आहे तर सांगतो. २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा तिथे जाळायला आणला, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं. मी त्या लोकांना हसणार नाही. पण तेव्हा तावातावाने बोलणारे आमचे इंदूरकर इस्पितळातून निघणाऱ्या पिवळ्या पिशवीत काय असतं ते विचारतसुद्धा नाहीत, याचं मला नवल वाटतं.

कारखान्यात आणि इथे खरा फरक निराळा आहे. तिथे काही बिघडलं की लाल बटण दाबायचं, लाइन बंद करायची, सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटला जाऊन उभं राहायचं. इथे लाइन बंद करता येत नाही. प्रत्येक वॉर्डाबाहेर भिंतीत ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह असतो. आग लागली तर तो बंद करायला हवा, कारण ऑक्सिजन स्वतः पेटत नसला तरी बाकीचं सगळं भडकवतो. पण तो बंद केला की त्या वॉर्डातल्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा श्वासही बंद. म्हणजे व्हॉल्व्ह फिरवण्याआधी प्रत्येक खाटेला सिलिंडर लागलेला हवा, आणि ‘आता फिरव’ हे कोणी म्हणायचं ते आधी ठरलेलं हवं. रात्री अडीच वाजता हा निर्णय ड्यूटीवरच्या सिस्टरने घ्यायचा की वरच्या मजल्यावर असलेल्या निवासी डॉक्टरने? हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा पाच जणांनी पाच उत्तरं दिली. आणि एका व्हॉल्व्हपुढे तर लोखंडी कपाट उभं होतं. कपाट हलवायला तीन विभागांच्या सह्या लागल्या. मेसेजवाल्यांना वाटतं ते ‘रजिस्टर भरणं’ हे बहुतेक असंच असतं.

गॅसचीच दुसरी गोष्ट इंदूरला विसरता येणार नाही. २०१६ च्या मे महिन्यात एम. वाय. मध्ये, म्हणजे आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, ऑपरेशनच्या वेळी ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू गेला आणि दोन मुलं दगावली. सिलिंडरची अदलाबदल होऊ नये म्हणून पिन इंडेक्सची व्यवस्था असते. ऑक्सिजनच्या पिना एका जागी, नायट्रसच्या दुसऱ्या जागी, चुकीचा सिलिंडर जोडायला गेलात तर बसतच नाही. पण भिंतीच्या आत पाइपच उलटसुलट जोडला गेला, तर बाहेरचे रंग आणि पिना सगळं बरोबर दिसतं. मग डॉक्टर कितीही हुशार असो, त्याला कळायला वाव राहत नाही. नवी पाइपलाइन सुरू करण्याआधी प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून पाहणं, एवढाच त्यावर उपाय आहे. कंटाळवाणं काम आहे. एकेक तोटी, एकेक आकडा.

आता सुई. मेसेजमधला हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटलेला दिसतो, म्हणून इथे जरा बसू या.

डॉक्टर-सिस्टर शिकलेल्या असतात हे खरंच. तरी घाईत सुईवर टोपण परत चढवतात आणि टोचून घेतात, हेही खरं. पण ज्याच्या हातात सुई होती त्याला निदान माहीत असतं की ती कोणाची होती. त्या पेशंटचं रक्त तपासता येतं. आता ती सुई हब कटरने न कापता, सुया-पात्यांच्या पांढऱ्या डब्यात न टाकता, कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत गेली असं समजा. मग ती टोचते पिशवी बांधणाऱ्या बाईला, किंवा ट्रॉली ओढणाऱ्या पोराला, किंवा लाँड्रीत चादरी झटकणाऱ्याला. सुई कोणाची, पत्ता नाही. तपासणार कोणाला? चूक वर झाली आणि टोचलं खाली. इस्पितळातला धोका असाच उतरत जातो, शिकलेल्याकडून न शिकलेल्याकडे, कायमकडून ठेक्यावाल्याकडे. सिस्टरला सुई धरायला शिकवणं हे माझं काम नाहीच. ती सुई हातातून सुटल्यावर कुठे कुठे जाते, त्या वाटेने खाली जाऊन बघणं हे काम आहे.

‘एवढ्याशा सुईने काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी आकडे. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन. हिपॅटायटिस बीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहा ते तीस. लोक घाबरतात पहिल्याला आणि बेफिकीर असतात दुसऱ्याबद्दल, ज्याच्यावर स्वस्त आणि चांगली लस आहे. टोचल्यावर करायचं काय, याबद्दल तर प्रत्येक वॉर्डाची आपली परंपरा आहे. कोणी बोट पिळून रक्त काढतं, कोणी स्पिरिट ओततं, कोणी सरळ तोंडात घालतं. करायचं एवढंच की साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीचा धोका दिसला तर औषध जितकं लवकर तितकं बरं, शक्यतो दोन तासांत. ७२ तास उलटले की त्याचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा. आता विचार करा, रात्रपाळीतल्या ठेक्याच्या पोराला टोचलं. ते औषध इस्पितळात कोणत्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि त्याला ते कोण देणार, हे त्याला कोणी सांगितलंय का?

तो कळवतच नाही. मुकादम ओरडेल, ‘तूच हलगर्जी केलीस’ म्हणेल, कदाचित उद्यापासून येऊ नको म्हणेल.

म्हणून रजिस्टरची टिंगल मला मान्य नाही. सुई टोचल्याची नोंदवही महिनोन्‌महिने कोरी दिसली की वरचे अधिकारी खूश होतात. मला धडकी भरते. एवढ्या मोठ्या इस्पितळात कोणालाच टोचलं नाही असं होत नसतं. लोकांनी सांगायचं सोडलं असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा नोंदी वाढल्या तेव्हा मला बोलावून ‘तुम्ही आल्यापासून अपघात वाढले’ असं सुनावण्यात आलं. (पिथमपूरलाही अगदी हेच ऐकलं होतं, तेव्हा सरकारी आणि खाजगी असा भेद यात तरी नाही.) अपघात तेवढेच होते, ते कागदावर यायला लागले होते. त्या नोंदींतूनच दिसलं की टोचायचे प्रकार दुपारी ठरावीक वेळी जास्त होतात, पाळी बदलताना, ट्रॉली भरलेली असताना. पांढरा डबा ट्रॉलीवर नव्हता, खोलीच्या कोपऱ्यात होता. तो ट्रॉलीला बांधला. भाषण कोणाला दिलं नाही.

इंदूरच्या पहिल्या नंबराचं थोडक्यात. २०१७ पासूनचा तो मान आपला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण घरच्या ओल्या-सुक्याचं वळण इस्पितळात पुरत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशा चार वाटा आहेत, पिशवीला बारकोड आहे, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शिवाय इथे चुकीच्या डब्यात गेलेली वस्तू नुसती घाण करत नाही, टोचते.

मॉक ड्रिल म्हणजे फोटो, या आरोपावर मात्र मी भांडणार नाही. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. अंगणात टिनाच्या डब्यात कागद पेटवायचे, साहेबांनी एक्स्टिंग्विशर मारायचा, टाळ्या. खरी आग अंगणात लागत नाही. ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ती तळघरात लागली आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला, नव्वदच्या आसपास माणसं गेली. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षात लागली, दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात भोपाळच्या कमला नेहरू रुग्णालयात, तीही नवजात कक्षातच. आणि आपल्याकडे एम. वाय. च्या नवजात कक्षात २०१७ च्या नोव्हेंबरात आग लागली होती, तेव्हा चाळीसहून जास्त बाळं तिथल्या लोकांनी बाहेर काढली. ती बातमी आपण विसरलो, कारण मोठा अनर्थ टळला.

तेव्हा ड्रिल करायचं तर वॉर्डात करावं, रात्री करावं, आणि जिना उतरण्याआधी त्याच मजल्यावरच्या धूर न पोचणाऱ्या शेजारच्या भागात पेशंट सरकवायची सवय करावी. खाट दारातून निघते का ते बघावं. आमच्याकडे एका दारातून निघत नव्हती, रॅम्पच्या वळणावर कोणीतरी जुने लॉकर रचले होते. एक्स्टिंग्विशरवर तारखेचं नवं स्टिकर असलं म्हणजे झालं असंही नाही. पावडरवाल्याला काटा असतो, तो हिरव्यात आहे का दिसतो. सीओटूवाल्याला काटाच नसतो, तो वजन करून बघावा लागतो. स्टिकर दोन्हींवर सारखंच चिकटतं.

राहिला शेवटचा मुद्दा : पद काढून दोन सफाईवाले ठेवा. जरूर ठेवा, दोन कशाला, चार ठेवा. पण ते कसे ठेवणार तेही सांगा. ते ठेकेदारामार्फत येतील. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कर्मचारी असो वा बाहेरचा, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि मग वर्षातून एकदा तरी तपासणी करायची, हे त्याच २०१६ च्या नियमांत आहे आणि ती जबाबदारी इस्पितळावर आहे. हिपॅटायटिस बीचे डोस तीन : पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. मधे ठेका बदलतो. जुना ठेकेदार यादी घेऊन जातो, नवा म्हणतो माझ्याकडे सगळे नवे, आणि बाई मात्र तीच असते, त्याच वॉर्डात, फक्त साडीचा रंग बदललेला. तिला विचारलं की किती डोस झाले, तर म्हणते, ‘दो सुई तो लगी थी भैया.’

म्हणून आम्ही कार्ड तिच्याच हातात देतो आणि एक प्रत आमच्याकडे ठेवतो, ठेकेदाराकडे नाही. पद काढायचा अर्ज ज्यांना करायचा असेल त्यांनी त्यात एवढं लिहावं, की सहावा महिना आला की त्या बाईंना फोन कोण करणार.