नऊ इंचांच्या आत

सोसायटीच्या फळ्यावर कालपासून नोटीस आहे: 'पार्किंगमध्ये धारदार वस्तूंची कामे करू नयेत.' नाव कुणाचंच नाही. पण या इमारतीत असली कामं करणारा मी एकटाच. लिफ्टची वाट बघताना लोक आधी फळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

वस्तू म्हणजे आजीची मटणाची सुरी. गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यातून ठोकलेली. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, दोन्ही अंगांना लाकडी फळ्या, तीन रिव्हेट. मामाने एका दिवाळीत तिला सिल्व्हर पेंट फासला. त्या काळी सिल्व्हर पेंटचा डबा उघडला की तो संपेपर्यंत माणूस थांबत नसे. गेट झालं, खिडक्यांचे गज झाले, टाकी झाली. आमच्या आजोळी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा चंदेरी होतं. मुठीची एक फळी तडकलेली, तिच्यावर काळी टेप.

पेंट रिमूव्हरचा वास घरात चालणार नव्हता, म्हणून पार्किंग. रंग फुगून सुटला, खालचा गंज व्हिनेगरने उतरवला, लगेच खायच्या सोड्याने धुतलं आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बसलो. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. ते दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. तिथे पगारपत्रकं तपासायचे, पण पोलादावर शेवटचा शब्द त्यांचाच.

"काय हो, कोयता का?"

"सुरी आहे, काका."

"नऊ इंचांच्या वर असेल तर लायसन लागतं. आर्म्स ॲक्ट, १९५९."

पुण्यात कोयत्याच्या बातम्या रोजच्या झाल्यात, तेव्हा शंका येणं समजू शकतो. मी नम्रपणे सांगितलं, की घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे, नाहीतर कोपऱ्यावरचा नारळवाला कधीच आत गेला असता.

"घरगुती कशावरून?"

"मटण कापतो हिच्यावर."

काका क्षणभर थांबले. "पण सध्या श्रावण चालू आहे."

"म्हणून तर रिकामी आहे. म्हणून आत्ता काम काढलं."

हे त्यांना पटलं नाही. वर जाऊन टेप घेऊन आले आणि टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत मापून म्हणाले, "सव्वातेरा."

"मूठ धरत नाहीत, काका."

"मूठ धरूनच तर मारतात!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मग नुसतं पातं मापलं. साडेआठ. काकांचा चेहरा पडला. दुसऱ्यांदा टेप लावली, जरा ताणून. साडेआठच. मग म्हणाले, "हे हाताने काय घासताय? ग्राइंडर मारा, पाच मिनिटांचं काम."

आता ग्राइंडरने पातं तापून निळं पडलं, म्हणजे साधारण ३०० अंशांपर्यंत गेलं, की लोहाराने दिलेलं पाणी उतरतं. धार लावावी आणि टोमॅटोवर बोथट व्हावी, असा प्रकार. हे सगळं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "आमच्याकडे ग्राइंडरच मारायचे." पगारपत्रकांना मारत असतील.

खरा राग मात्र वेगळाच आहे. रिव्हेटसाठी मला बोटभर पितळी सळई हवी होती. हार्डवेअरवाला म्हणाला, अख्खी घ्या, आणि वर, "चाळीस रुपयांत नवीन सुरी येते की." येते ना. तिची प्लॅस्टिकची मूठ दुसऱ्या पावसाळ्यात निखळते आणि धार कोथिंबिरीपुढेही ओशाळते. या इमारतीत रविवारी दोन-दोन तास पाइप सोडून गाड्या धुतात, त्याची नोटीस लागत नाही. जुनी वस्तू हातात घेऊन जमिनीवर बसलेला माणूस दिसला, की मात्र तो एक तर गुन्हेगार किंवा कंजूष.

असो. सुताराकडून शिसवीचा तुकडा आणला, चिरून दोन फळ्या केल्या, भोकं पाडली, अ‍ॅरल्डाइट कालवलं. शिकंजा एकच होता, दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, आणि पार्किंगमध्ये कुणीतरी म्हणजे काका. "जरा इथे दाबून धरा." त्यांनी धरलं, मी दुसरा शिकंजा मागून आणेपर्यंत धरलं आणि तेवढ्या वेळात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की आम्ही सुरी करतोय. आम्ही! दुसऱ्या दिवशी कानस मारून आकार दिल्यावर खोबरेल लावा म्हणून आग्रह. खोबरेल सुकत नाही, चिकट राहतं; लाकडात मुरून सुकतं ते जवसाचं. तेच लावलं.

नोटीस लावायला कुणी सांगितलं, ते मी विचारलेलं नाही. पण काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी सुरीचा फोटो टाकला, खाली लिहिलं: 'काम उत्तम झाले. मूठ किंचित डावीकडे वाकडी.' त्याला भराभर अंगठे आले.

मूठ वाकडी नाही. गुण्या लावून बघितली आहे. काकांनी फोन तिरका धरला होता.