पास देणारी पोरगी भित्री नसते, दाजी

गेल्या मंगळवारी रात्री दाजींनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. वर तीन लाल दिवे, खाली ‘प्रत्येक पालकाने वाचावे’. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तिघांकडून आला. त्यातला एक आमच्या पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणाऱ्या ग्रुपवर होता. तिथले लोक तरी मॅच बघून बोलतात अशी माझी समजूत होती.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी त्याचं म्हणणं थोडक्यात सांगते. इंडियाना पेसर्स या एनबीए संघाचा खेळ म्हणजे नुसती पळापळ, त्याला काही पद्धत नाही. त्यांचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारा, टायरिस हॅलिबर्टन उगाच डोक्यावर घेतलेला, हे खुद्द एनबीएतल्या खेळाडूंनी मतदान करून सांगितलंय. खरा पॉइंट गार्ड रसेल वेस्टब्रुकसारखा, बॉल स्वतःकडे ठेवून स्वतः स्कोअर करणारा. पास देणारा हा स्वतः मारायला घाबरतो म्हणून पास देतो. आणि शेवटी: सव्वासहा फुटांखालच्या पॉइंट गार्डला भवितव्य नाही, तेव्हा बुटक्या मुलांना, ‘विशेषतः मुलींना’, या खेळात घालून वर्षं वाया घालवू नका. घालायचंच असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं बारला लटकवा, वर्षात चार इंच उंची वाढते.

माझी भाची आठवीत आहे. उंची पाच फूट एक इंच. शाळेच्या संघात पॉइंट गार्ड.

रविवारी तिची मॅच बघायला गेले. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, आणि सोलापूरचं ऊन असं की साडेआठलाच बॉल हाताला चटका देतो. भाची बॉल घेऊन अर्ध्या कोर्टाच्या पुढे आली. डावीकडच्या कोपऱ्यात तिची मैत्रीण एकटी उभी, दोन्ही हात वर. हिने तिच्याकडे बघितलं, ते मी इकडून पाहिलं. आणि तरीही ही दोघींच्या मधून घुसली आणि बॉल रिंगकडे भिरकावला. बोर्डाला लागून बाहेर. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कोपऱ्यातल्या पोरीने हात वर केलेच नाहीत. कमरेवर ठेवून नुसती उभी राहिली.

मॅच संपल्यावर विचारलं, “पास का नाही दिलास गं?”

“पास देणारे भित्रे असतात, मावशी. बाबांनी टाकलंय की ग्रुपवर. वाचलं नाहीस तू?”

असं म्हणत तिने पाण्याची बाटली उघडायला माझ्याकडे दिली. स्वतःला उघडता येत नव्हती. दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी, ओळीने फोड आलेले. दाजींनी दाराच्या चौकटीत बार बसवलाय.

म्हणून सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर वाद होतील, या मुद्द्याने पोरीचे हात सोलले गेलेत.

बारला लटकून उंची वाढत नाही. लटकल्यावर मणक्यांमधल्या गाद्यांवरचा भार थोडा वेळ हलका होतो, तेवढाच काय तो फरक. उभं राहून चालायला लागलं की सगळं पुन्हा होतं तिथे येतं. माणसाची उंची मुख्यतः आईबापांकडून येते, आणि वाढीच्या वयातलं खाणं आणि झोप यांच्यावर थोडीफार ठरते. वर्षात चार इंच हा आकडा कुणी, कुठे, कुणावर मोजला याचा मेसेजमध्ये पत्ता नाही. आणि पॉइंट गार्डच्या तळहाताला फोड आले तर ती ड्रिबल कशाने करणार, म्हणजे बॉल आपटत कशी नेणार, एवढा तरी विचार करायचा.

मेसेजमध्ये आणखी एक ओळ आहे, ती ग्रुपवर सगळ्यांनी वाचली आणि कुणी काही बोललं नाही. मुलींची पाळी सुरू झाली की उंची थांबते, त्यामुळे त्यानंतर या खेळावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, अशी. यात अर्धं खरं आहे. वाढीचा वेग त्यानंतर नक्की कमी होतो. पण थांबत नाही. बहुतेक मुली त्यानंतरही साधारण ५ ते ७ सेंटीमीटर वाढतात. आणि समजा एक सेंटीमीटरही नाही वाढली, तरी त्यासाठी तेरा वर्षांच्या पोरीला खेळ सोडायला सांगायचं? मी स्वतः पाच फूट दोन आहे. कॉलेजच्या संघातून तीन वर्षं खेळले, पॉइंट गार्ड म्हणूनच.

उंचीचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. रिंग दहा फुटांवर आहे, ती कुणासाठी खाली येत नाही. उंच माणसाला बोर्डाखाली जे आयतं मिळतं ते आम्हाला पळून, वाकून, आधी ओळखून मिळवावं लागतं. पण ‘भवितव्य नाही’? मगसी बोग्ज पाच फूट तीन इंचांचा होता आणि एनबीएत १४ हंगाम खेळला. मुलींचंच बोलायचं तर टेमेका जॉन्सन, तीही पाच फूट तीन. २००५ मध्ये डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगची सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली आणि २००९ मध्ये फिनिक्स मर्क्युरीच्या विजेत्या संघात पॉइंट गार्ड होती. तो संघही असाच धावतं आक्रमण करणारा.

लांब कशाला जायचं, ज्या पेसर्सना मेसेजमध्ये नावं ठेवलीत त्यांच्याकडेच टी. जे. मॅककॉनेल आहे. सहा फूट एक इंच, म्हणजे मेसेजच्या हिशेबात बाद. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुठल्याच संघाने त्याला निवडलं नव्हतं. हा गडी २०२५ च्या फायनलच्या तिसऱ्या मॅचमध्ये बाकावरून उठून आला आणि १० पॉइंट, ५ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास), ५ स्टील (समोरच्याकडून पळवलेला बॉल) करून गेला. फायनलमध्ये बाकावरून येऊन असं त्याच्याआधी कुणी केलेलं नव्हतं. समोरच्यांनी बास्केट झाल्यावर निवांतपणे बॉल आत टाकायला घेतला की हा मधेच घुसून पळवतो. त्याला उंची लागत नाही, जागं राहावं लागतं. आणि आठवीतल्या पोरीला एनबीएची फूटपट्टी लावायची तरी कशाला? तिच्यासमोर सातवी-आठवीतल्याच पोरी असतात.

आता ‘पास देणारा भित्रा’. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

२७ मे २०२५ ची न्यूयॉर्क निक्सविरुद्धची मॅच काढून बघा, ईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे पूर्व विभागाच्या, फायनलची चौथी. आपल्याकडे २८ ची सकाळ होती. अधिकृत स्कोअरशीट कुणालाही बघता येतं. हॅलिबर्टन: ३२ पॉइंट, १५ असिस्ट, १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल) आणि टर्नओव्हर, म्हणजे समोरच्यांना गमावलेला बॉल, शून्य. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, इतिहासात ३० पॉइंट, १५ असिस्ट, १० रिबाउंड आणि एकही टर्नओव्हर नाही, असं त्याआधी कुणाच्याही नावावर नव्हतं. पेसर्स १३०-१२१ जिंकले.

आता हिशेब करा. एका असिस्टवर कमीत कमी दोन पॉइंट होतात, म्हणजे १५ असिस्टचे किमान ३०. त्याचे स्वतःचे ३२. १३० पैकी निदान ६२ पॉइंट या एका माणसाच्या हातून गेले आणि तेवढ्या वेळात त्याने एकदाही बॉल समोरच्याच्या हाती दिला नाही. सबंध मॅचभर दोन-दोन जण अंगावर येत असताना बॉल कुठे सोडायचा हे त्यांच्याआधी ओळखायचं, ही भित्र्या माणसाची कामं नव्हेत. घाबरलेला माणूस बॉल छातीशी धरून ठेवतो. मी पोरींना रोज बघते, घाबरली की पोर पहिल्यांदा ड्रिबल थांबवते आणि बॉल कवटाळते.

आणि ‘स्वतः मारायला घाबरतो’ म्हणाल तर त्याच प्लेऑफची यादी देते. मिलवॉकीविरुद्ध पाचव्या मॅचमध्ये १.३ सेकंद राहिले असताना विजयी लेअप, म्हणजे रिंगजवळून टाकलेला बॉल. क्लीव्हलँडविरुद्ध दुसऱ्या मॅचमध्ये १.१ सेकंद राहिले असताना तीन पॉइंटचा शॉट. निक्सविरुद्ध पहिल्या मॅचमध्ये वेळ संपता संपता बरोबरी साधणारा शॉट, मग ओव्हरटाइममध्ये विजय. आणि फायनलची पहिली मॅच, ओक्लाहोमा सिटीत, ०.३ सेकंद उरलेले असताना विजयी शॉट. १११-११०. त्या अख्ख्या मॅचमध्ये पेसर्स पुढे होते ते तेवढेच ०.३ सेकंद. आपल्याकडे ६ जूनची सकाळ होती. माझा चहा गॅसवर उतू गेला आणि मी टीव्हीसमोरून हलले नाही.

मतदानाचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. ‘द ॲथलेटिक’ या खेळांच्या वेबसाइटने एप्रिल २०२५ मध्ये खेळाडूंना नाव गुप्त ठेवून विचारलं होतं की डोक्यावर सगळ्यात जास्त घेतलेला खेळाडू कोण. हॅलिबर्टनला सर्वाधिक मतं पडली हे खरं आहे. किती? १४.४ टक्के. म्हणजे शंभरातल्या पंचाऐंशी जणांनी त्याचं नाव घेतलं नाही. मेसेजमध्ये टक्का गाळून ‘खेळाडूंनीच सांगितलंय’ एवढंच ठेवलंय. वरचे चारही शॉट हे मतदान छापून आल्यानंतरचे आहेत.

पळापळीला पद्धत नाही म्हणणाऱ्याने कोर्टवर उभं राहून बघावं. बॉल मिळाल्यापासून २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, त्यातल्या ८ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडावं लागतं. हे नियम आपल्याकडच्या मॅचलाही आहेत. समोरचे पाचजण आपापल्या जागी येऊन उभे राहायच्या आत जो बॉल पुढे पोचवतो, त्याला रिंग मोकळी मिळते. त्यासाठी पाचही जणांना कोण कुठल्या कोपऱ्यात धावणार हे आधीच पक्कं माहीत लागतं, नाहीतर तो पास प्रेक्षकांत जातो. पेसर्स हे बास्केट खाल्ल्यावरही करतात. बॉल जाळीतून पडला की लगेच आत, लगेच पुढे. आणि परत फिरल्यावर समोरच्याला अख्ख्या कोर्टभर चिकटून दमवतात. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी हे बसवलंय, आपोआप झालेलं नाही.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा मी धागा नेणाऱ्या धोट्याकडेच बघत बसायचे. या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा परत, डोळा ठरत नाही असा. बघणाऱ्याला नुसती धावपळ वाटते. धोटा मधे अडकला की माग बंद करावा लागतो आणि चादर तेवढीच राहते. बॉल एका हातात अडकला की संघाचंही तेच होतं. रविवारी आमच्या कोर्टवर तेच झालं.

वेस्टब्रुकवर फार बोलायचं नाही, तो मोठाच खेळाडू. २०१६-१७ मध्ये सरासरी ३१.६ पॉइंट, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट, आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. पण मेसेज लिहिणाऱ्याला त्यातले असिस्ट दिसले नाहीत का? मॅचमागे दहा पास देणारा माणूस तुमच्याच व्याख्येने भित्रा ठरतो. शिवाय त्याचा ओक्लाहोमा सिटीचा संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून पाच मॅचमध्ये हरला.

एक गोष्ट मान्य करते, मनाविरुद्ध. पेसर्स जिंकले नाहीत. फायनल सातव्या मॅचपर्यंत गेली आणि ओक्लाहोमा सिटीने ती १०३-९१ अशी घेतली. पाचव्या मॅचमध्ये हॅलिबर्टनला फील्डवरून एकही बास्केट करता आली नाही, सगळे मिळून चार पॉइंट. पोटरी दुखावलेली होती, पण चार म्हणजे चारच. काही मॅचमध्ये तो पहिली दोन सत्रं दिसतच नाही, ही तक्रार मीही आमच्या ग्रुपवर केलेली आहे. सातव्या मॅचच्या पहिल्याच सत्रात, तीन पॉइंटचे तीन शॉट टाकून झाल्यावर, त्याचा टाचेमागचा स्नायुबंध (अकिलीस) तुटला. २०२५-२६ चा अख्खा हंगाम तो बाहेर राहिला, आणि फायनल खेळलेला हा संघ सुरुवातीच्या १४ मॅचपैकी एकच जिंकला. मायल्स टर्नर संघ सोडून गेला होता आणि इतरही जखमी होते, त्यामुळे सगळं एकट्या हॅलिबर्टनच्या नावावर मांडणार नाही. पण ज्याला मेसेज उगाच डोक्यावर घेतलेला म्हणतो, त्याच्यावाचून इतकं अडलं.

दाजी, तुम्ही वाईट हेतूने पाठवलं नाहीत हे मला माहीत आहे. तुम्ही तिला दर रविवारी स्कूटरवरून कोर्टवर सोडता, ऊन असो की काही असो. पण तिने तो मेसेज तुमच्या नावाने वाचलाय. तेव्हा ग्रुपवर तुमच्याच नावाने लिहा की तो चुकीचा होता. तिच्या हाताला खोबरेल लावा, चार दिवस बॉल देऊ नका, आणि कोपऱ्यातल्या त्या पोरीला एकदा घरी जेवायला बोलवा. बार तुमच्याने निघत नसेल तर राहू द्या. शनिवारी संध्याकाळी मी पाना घेऊन येते.