रक्त आणि दचका यांपलीकडचे भय

कमी खर्चाचे जुने भयपट केवळ रक्त दाखवून आणि अचानक दचकवून घाबरवतात, आणि त्यांचा साचा एकदा ओळखीचा झाला की भीती संपते, असे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. त्या चित्रपटांच्या रचनेकडे पाहिले, तर ते टिकत नाही.

आधी रक्ताविषयी. जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोविन’ (१९७८) ३ लाख डॉलरच्या आसपास खर्चात तयार झाला आणि पुढच्या रक्तरंजित लाटेचे खापर त्याच्याच माथी फोडले जाते. प्रत्यक्षात त्यात रक्त जवळजवळ दिसतच नाही. सुरुवातीच्या खुनानंतर माणसाचा दुसरा खून पडद्यावर घडेपर्यंत निम्म्याहून अधिक चित्रपट सरलेला असतो. रक्तपात वाढला तो १९८१ च्या दुसऱ्या भागात.

दचकवण्याचे तंत्र या चित्रपटांत आहे, हे मान्यच आहे. पण ते कशाच्या आधारावर उभे असते, हे ‘कॅट पीपल’ (१९४२) दाखवतो. निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी रात्रीच्या निर्जन रस्त्यावर एका स्त्रीचा दुसऱ्या स्त्रीने केलेला पाठलाग रंगवताना पार्श्वसंगीत ठेवले नाही. दोघींच्या टाचांचे आवाज ऐकू येतात, मग मागचा आवाज थांबतो, आणि त्या शांततेत ताण असह्य झाल्यावर बस फुत्कारत समोर येते. बस दचकवते खरी, पण भीती त्या थांबलेल्या पावलांनी आधीच निर्माण केलेली असते.

सर्वांत चुकीचा भाग मला साच्याविषयीचा वाटतो. मुखवटा घातलेला मारेकरी, एकटी मुलगी, अंधारे घर हे संकेत प्रेक्षकाला ठाऊक असतात, म्हणूनच तो पात्राच्या आधी घाबरतो. छायालेखक डीन कंडी यांनी ‘हॅलोविन’च्या रुंद चौकटीत नायिकेच्या मागचा दरवाजा काळोखात ठेवला आणि त्यातला पांढरा मुखवटा प्रकाश हळूहळू वाढवत उजळवला. तिथे दचका नाही. आपल्याला दिसते आणि तिला दिसत नाही, एवढ्यावरच सारे भय उभे आहे. असे दृश्य एकदा पाहिलेला प्रेक्षक पुढे प्रत्येक चौकटीचे रिकामे कोपरे स्वतःहून धुंडाळू लागतो.

हे सारे पैशांच्या टंचाईतून अपघाताने साधले, असेही त्या विधानाला जोडून म्हटले जाते. टंचाई खरी होती. तो मुखवटाही दुकानातला स्वस्त मुखवटा पांढरा रंगवून केलेला होता. परंतु त्यावरचे सगळे भाव पुसून टाकणे आणि तो बराच वेळ दूर किंवा अंधारात ठेवणे हे दिग्दर्शकाचे निर्णय होते, आणि त्यांना पैसे लागत नव्हते.