वॉशिंग्टनचा लपलेला हात आणि चित्रकाराचं बिल

ते फॉरवर्ड परत फिरतंय. जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळी कॅमेरे नव्हते, चित्रकार हातपाय मोजून पैसे लावायचे, म्हणून काही चित्रांत त्याचा एक हात लपवलेला असतो, आणि महाग वस्तूला इंग्रजीत 'ॲन आर्म अँड अ लेग' (शब्दशः एक हात आणि एक पाय) म्हणतात ते त्यावरूनच. वाचायला भारी आहे, पण त्यात कॅमेरे नव्हते आणि काही चित्रांत हात लपलेला आहे एवढंच खरं.

आधी पैशाचं बघू. वॉशिंग्टनची माउंट व्हर्नन ही राहती इस्टेटच साधारण 8,000 एकर, बाकीच्या जमिनी धरल्या तर एकूण 50,000 एकरांच्या वर, आणि 1799 ला वारला तेव्हा इस्टेटीवर 317 गुलाम. हां, रोकड नेहमी कमी असायची, 1789 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला जायला त्याने कर्ज काढलं होतं हे खरंय, पण म्हणून माणूस चित्रातला हात कापून घेईल का?

आता दर. दर होते, पण ते चित्राच्या साइजवर. कॉप्ली नावाचा त्या काळचा नावाजलेला चित्रकार, त्याचा 1771 चा न्यूयॉर्कमधला भाव बघा: फुल साइज 40 गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं), अर्धं शरीर 20, छातीपर्यंत 10. आपल्याकडे स्टुडिओत पासपोर्ट साइजचे वेगळे आणि फुल फोटोचे वेगळे पैसे घेतात, म्हणून फोटोवाला काय आपले पाय मोजतो?

मग हात लपवलेला का? फॅशन हो, दुसरं काय. वास्कटात हात खुपसून उभं राहणं ही तेव्हाची खानदानी पोज, युरोपातही तीच चालायची. 1772 ला पील नावाच्या चित्रकाराने माउंट व्हर्ननला जाऊन काढलेलं कर्नलच्या युनिफॉर्ममधलं चित्र काढून बघा, हात वास्कटात, आणि बाकी सगळा थाट जागेवर. याच पीलच्या 1779 च्या चित्रात मात्र तो अख्खा उभा आहे, एक हात तोफेवर, दुसरा कमरेवर, पायाची तिढी घातलेली, एकदम निवांत.

आणि बिल तरी त्यानेच भरलं का? 1796 चं गिल्बर्ट स्टुअर्टचं 8 फुटी लॅन्सडाउन पोर्ट्रेट, एक हात पुढे केलेला, दुसऱ्यात तलवार, ते ऑर्डर केलं बिंगहॅम नवराबायकोने, एका इंग्रज लॉर्डला भेट द्यायला. उलट त्याच वर्षी स्टुअर्टने काढलेलं दुसरं चित्र नुसतं डोकं आणि खांदे, तेही अर्धवट, हात एकही नाही, आणि पठ्ठ्याने त्याच्या कॉप्या 100 डॉलरला एक अशा कित्येक वर्षं विकल्या. एक डॉलरच्या नोटेवर तोच चेहरा आहे.

राहता राहिला वाक्प्रचार. वॉशिंग्टनच्या काळात तो कुठे सापडतच नाही, छापील इंग्रजीत महाग या अर्थाने दिसायला लागतो तो विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. तोवर अमेरिकेत घरोघरी कॅमेरे आले होते.